सर्व्हेची फाईल मॉडेलमध्ये घेण्याआधी

ईपानेट हा नळांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारा फार सोशिक प्रोग्रॅम आहे. नोडची (पाईप जिथे जुळतात किंवा संपतात त्या बिंदूची) उंची ५८५.७ च्या जागी ५५८.७ पडली तरी तो हूं की चूं करत नाही. एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) पाईपचा बाहेरचा व्यास आतला म्हणून दिला, तरी मुकाट घेतो. पाईपची लांबी शून्य असेल किंवा पाईप ज्या नोडला जोडलाय तो नोडच यादीत नसेल, तर तेवढी तक्रार करतो. बाकी सगळं पोटात घालून 'रन वॉज सक्सेसफुल' अशी खिडकी दाखवतो. ती खिडकी बघून निर्धास्त होणारी माणसं मला रोज भेटतात.

ग्रामीण नळपाणी योजनांची मॉडेलं करणं हे माझं काम. नोडची यादी सर्व्हे एजन्सीकडून येते, पाईपची ड्राफ्ट्समनकडून, आणि लोकसंख्येचा तक्ता तालुक्यावरून कुणीतरी फॉरवर्ड केलेला असतो. तिन्ही फाईली वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या. त्या मॉडेलमध्ये घेण्याआधी नियम लावून कशा तपासायच्या, ते इथे लिहिते आहे.

नियम लिहायला बसलं की बहुतेक जण आधी पल्ला लिहितात. उंची शून्य ते १६४६, कारण कळसूबाई १६४६ मीटर. व्यास ५० ते ६००. असे नियम असावेत, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. चुकलेला आकडा सहसा पल्ल्याच्या आतच असतो. वरचा ५५८.७ बघा, त्यात वावगं काय दिसतं? तो शेजारच्या नोडशी, जमिनीच्या उंचीशी, पाईपच्या लांबीशी ताडून बघितला तरच उघडा पडतो. म्हणून दर पल्ल्याच्या नियमामागे दोन तरी ताडून बघण्याचे नियम हवेत, असं माझं ठाम मत आहे.

फाईल उघडण्याआधी

मूळ फाईल 'कच्चा' नावाच्या फोल्डरमध्ये आली त्या तारखेसह ठेवा आणि रीड-ओन्ली करा. काम नेहमी प्रतीवर.

सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. सर्व्हेअरने नोडला ३-४ असं नाव दिलं असेल (तिसरी गल्ली, चौथा खांब), तर एक्सेल त्याची तारीख करतं. नाव २ई५ असेल आणि तो ई रोमन लिपीतला असेल, तर त्याचे दोन लाख होतात. ००७ चे ७ होतात. फाईल सेव्ह केलीत की मूळ नाव गेलं. त्याऐवजी एक्सेलच्याच पॉवर क्वेरीतून आणा, आणि ती आपणहून 'चेंज्ड टाइप' नावाची जी पायरी घालते ती काढून टाका. आधी सगळे रकाने टेक्स्ट म्हणून येऊ द्या. टेक्स्टचा आकडा करणं हा आपला पहिला नियम, आणि जिथे आकडा होत नाही तिथेच पहिल्या चुका सापडतात.

आपल्याकडची एक खास भानगड इथेच पकडली जाते. मोबाईलचा कीबोर्ड मराठीवर असला की सर्व्हेअर उंची देवनागरी आकड्यांत भरतो. आमच्या ऑफिसातलं एक्सेल त्याला मजकूर समजतं, आणि बेरीज करताना मजकुराच्या पेशी गुपचूप सोडून देतं. एरर येत नाही, फक्त बेरीज कमी येते. पायथनला मात्र देवनागरी आकडे कळतात. त्यामुळे एकाच फाईलची बेरीज दोन ठिकाणी वेगळी येते आणि दोन इंजिनिअर अर्धा दिवस भांडतात.

एक्सेलमध्ये 'डेटा व्हॅलिडेशन' आहे की, मग वेगळं काय हवं, असं विचाराल. ती सोय टाईप करणाऱ्या माणसाला अडवते. कॉपी-पेस्ट करून आणलेल्या आकड्यांना ती आडवी येत नाही. 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' वापरून नंतर लाल गोल काढता येतात, पण तेही एकेका पेशीपुरतं. इंपोर्ट केलेल्या डेटाला नियमांचं वेगळं शीट लागतं.

नियमांची वही

त्या शीटला मी वही म्हणते. दर नियमाची एक ओळ: क्रमांक, नियम साध्या मराठीत, मोडला तर निकाल काय, आणि उत्तर कोणी द्यायचं. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि मग चुकांची यादी तयार होते पण ती कुणाच्याच टेबलावर जात नाही.

निकाल तीनच ठेवा: थांबवा, विचारा, नोंदवा. 'थांबवा' म्हणजे ही ओळ सुटल्याशिवाय फाईल मॉडेलमध्ये जाणार नाही. 'विचारा' म्हणजे खरंही असू शकेल, पण कुणीतरी हो म्हणायला हवं. 'नोंदवा' म्हणजे पुढे चला, फक्त अहवालात दिसू द्या. एक नमुना:

नियम १७. पाईपची दिलेली लांबी त्याच्या दोन टोकांमधल्या सरळ अंतरापेक्षा कमी असता कामा नये. अर्ध्या मीटरची सूट. मोडल्यास थांबवा. उत्तर: ड्राफ्ट्समन.

हा नियम मला फार आवडतो, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. दोन बिंदूंमधलं अंतर १४२ मीटर असेल तर ११८ मीटरचा पाईप तिथे पोचणारच नाही. म्हणजे लांबी चुकली किंवा बिंदू चुकला. उलट बाजूला, लांबी सरळ अंतराच्या दीडपट झाली तर 'विचारा'. रस्ता वळणाचा असेल, किंवा मधला एखादा नोड गळला असेल. अंतर काढताना बिंदू यूटीएममध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत हवेत. अक्षांश-रेखांशांच्या वजाबाकीतून मीटर येत नाहीत.

बाकी साधे नियम पटकन उरका. नोडचं नाव दुबार नको, नावात स्पेस नको, मागेपुढे लपलेली स्पेस ट्रिम करून मगच तुलना. रिकामी पेशी आणि शून्य वेगळे धरा. एखाद्या जोडनोडची मागणी शून्य असणं बरोबरच आहे, पण घाटमाथ्यावरच्या गावात उंची शून्य दिसली तर ती रिकामी पेशी असते, कुणीतरी वाटेत भरलेली. हेझन-विल्यम्स या घर्षणाच्या सूत्रातला सी (पाईपच्या गुळगुळीतपणाचा आकडा) शंभराच्या खाली गेला तर 'विचारा', ०.०१ सारखा आकडा आला तर बहुधा डार्सी-वाइसबाख या दुसऱ्या सूत्राचा खडबडीतपणा चुकून या रकान्यात आलाय, सरळ 'थांबवा'.

बिंदू कुठे पडतो

अक्षांश आणि रेखांश अदलाबदल झालेत का, हे महाराष्ट्रात पल्ल्यावरूनच कळतं. अक्षांश साधारण १५.६ ते २२.१, रेखांश ७२.६ ते ८०.९. दोन्ही पल्ले एकमेकांच्या जवळपासही नाहीत. हा एकच पल्ल्याचा नियम मी डोळे मिटून वापरते.

यूटीएम आलं की पल्ला आंधळा होतो. त्यात सहा-सहा अंशांचे पट्टे, म्हणजे झोन असतात: ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला झोन ४४. म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगर, अमरावती शहर ४३ मध्ये. नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ मध्ये. अमरावती जिल्ह्यातलंच वरुड मात्र ४४ मध्ये जातं. यवतमाळ जिल्ह्यात पुसद ४३, वणी ४४. दोन्ही झोनमधले आकडे दिसायला सारखेच असतात, सहा अंकी पूर्वांतर आणि सात अंकी उत्तरांतर. झोन चुकला की बिंदू बरोबर सहा अंश सरकतो. नागपूरजवळचं गाव झोन ४३ धरून उघडलंत, तर ते गुजरातेत बारडोलीच्या आसपास पडतं.

म्हणून नियम असा लिहा: दर नोड त्या गावाच्या हद्दीत, किंवा हद्दीपासून ५०० मीटरच्या आत पडला पाहिजे. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये 'जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन' वापरलं की दर बिंदूपुढे गावाचा कोड येतो, तो फाईलमधल्या कोडशी ताडायचा. ताडताना गावाचं नाव वापरू नका. एका फाईलमध्ये वडगाव बुद्रुक, दुसरीत वडगाव बु., तिसरीत नुसतं वडगाव, आणि तीन किलोमीटरवर वडगाव खुर्द. २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गावकोड मागून घ्या आणि तीच किल्ली तिन्ही फाईलींत ठेवा. सगळे नोड शेजारच्या गावात पडले तर बुद्रुक-खुर्दाचा घोळ, सगळे दुसऱ्या राज्यात पडले तर झोन, आणि एखाद-दुसराच बाहेर पडला तर टायपिंग. नियम एकच, पण तो कसा मोडला यावरून आजार कळतो.

उंची

इथे थोडं थांबते, कारण योजना बुडते ती बहुधा उंचीत.

उंचीचा शेजारी म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी शटलवरून रडारने मोजलेली जमीन, ३० मीटरच्या चौकटीत, फुकट मिळणारी. डिझाईनला ती चालत नाही, पाच-दहा मीटरचा फरक तिच्यात सहज असतो. पण संशय घ्यायला ती उत्तम. क्यूजीआयएसच्या 'सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज'ने दर नोडपुढे एसआरटीएमची उंची आणा आणि सर्व्हेच्या उंचीतून ती वजा करा. मग दोन गोष्टी बघा: या फरकांचा मध्यक किती, आणि फरक किती विखुरलेत.

मध्यक शून्याच्या आसपास आणि विखुरणं पाच-सहा मीटर, तर फाईल ठीक.

मध्यक उणे साठ-सत्तर मीटर आणि विखुरणं तितकंच कमी, तर सर्व्हेअरने डीजीपीएसची (उपग्रहांवरून मोजणाऱ्या यंत्राची) लंबवर्तुळाकार उंची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची उंची, तशीच दिली आहे. आपल्या भागात समुद्रसपाटीचा जिऑइड त्या गणिती पृष्ठभागाच्या एवढा खाली आहे. कोकणातल्या किनाऱ्यावर ही चूक उघड दिसते, कारण उंची चक्क उणे येते. देशावर ती लपते: ५८५ च्या गावाला ५२० आले तर कुणाला खटकतं? पूर्ण योजनाच एका फाईलीतली असेल तर सगळं सारखंच खाली सरकतं आणि दाब बरोबर येतो. घात होतो तो टाकीची उंची बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेल्या खुणेवरून) आणि गावाची डीजीपीएसवरून आली की. मग टाकी गावापेक्षा पासष्ट मीटर जास्त उंच दिसते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सहा किलोहून जास्त दाब हवेतून आला.

मध्यक काहीतरी अवाढव्य आणि सर्व्हेच्या सगळ्या उंच्या शंभराच्या आसपास, तर सर्व्हेअरने शाळेच्या ओट्याला किंवा पारावर १०० मीटर धरून लेव्हल फिरवली आहे. एका गावापुरतं हे चालतं. दोन गावं एका टाकीवर आली की चालत नाही.

आणि मध्यक ठीक, पण एखादाच नोड पंचवीस-तीस मीटरने बाजूला, तर अंकांची अदलाबदल. वरच्या ५५८.७ ची गोष्ट हीच. त्याच्या मागचा नोड ५८६.१, पुढचा ५८४.९, पाईप ४० मीटरचा. सव्वीस मीटरचा खड्डा आणि लगेच वर, असं गावठाणात नसतं. म्हणून दुसरा नियम: पाईपच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक भागिले लांबी ०.३ च्या वर गेला तर 'विचारा'. घाटातल्या वाड्यांना हा आकडा वाढवावा लागतो, नाहीतर यादी खऱ्या उतारांनीच भरते.

हे इतकं तपशिलात सांगण्याचं कारण असं की उंची कमी पडली की त्या नोडवर दाब (पाण्याच्या उंचीत मोजलेला) सत्तावीस मीटर जास्त दिसतो. निकाल छान दिसतो आणि छान निकालाची चौकशी कुणी करत नाही. वहीतले नियम लिहिताना मी नेहमी विचारते की ही चूक निकाल बिघडवेल की सुधारेल. सुधारणारी असेल तर निकाल शक्यतो 'थांबवा'.

पाईपचा व्यास आणि दाबवर्ग

डीआय (डक्टाइल आयर्न, बिडाचा) पाईप नाममात्र आतल्या व्यासाने ओळखला जातो: ८०, १००, १५०, २००, २५०. एचडीपीई बाहेरच्या व्यासाने: ६३, ७५, ९०, ११०, १२५, १४०, १६०. म्हणून व्यासाची यादी एकच न ठेवता मटेरिअलप्रमाणे दोन ठेवा आणि जोडी तपासा. 'एचडीपीई १००' किंवा 'डीआय ११०' आलं की 'थांबवा'. दोन्हीपैकी एक रकाना चुकलाय.

त्यापुढचा नियम जास्त महत्त्वाचा. ईपानेटला आतला व्यास लागतो. ११० मिमीचा पीई १०० (प्लॅस्टिकची प्रत), पीएन १० (दाबवर्ग) चा पाईप आतून सुमारे ९७ मिमी असतो. मॉडेलमध्ये ११० ठेवलंत तर हेझन-विल्यम्सने घर्षणाचा तोटा प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ निम्मा येतो, कारण तो व्यासाच्या ४.८७ व्या घाताने बदलतो. कागदावर शेवटच्या वस्तीला बारा मीटर दाब, आणि प्रत्यक्षात नळाला करंगळीएवढी धार. नियम: मटेरिअल एचडीपीई असेल आणि मॉडेलला द्यायचा व्यास प्रमाण बाहेरच्या व्यासांपैकी एखाद्याशी तंतोतंत जुळत असेल, तर 'थांबवा'. इतर ठिकाणी यादीत सापडणं हे बरोबर असण्याचं लक्षण, इथे नेमकं उलटं.

दाबवर्गासाठी टाकीची पूर्ण भरलेली पातळी वजा नोडची उंची करा. रात्री सगळे नळ बंद असताना तेवढा स्थिर दाब पाईपवर बसतो. टाकी ६२५, नोड ५५१, म्हणजे ७४ मीटर. पीएन ६ चा पाईप साधारण साठ मीटरचा. 'विचारा', आणि उत्तर डिझाईन इंजिनिअरने द्यायचं, सर्व्हेअरने नाही. मधे दाबतोडणी टाकी असेलही, फक्त फाईलमध्ये यायची राहिली असेल.

जोडणीबद्दल एवढंच: क्यूजीआयएसच्या टोपोलॉजी चेकरला लोंबती टोकं शोधायला सांगितलंत तर गल्लीगल्लीचं शेवटचं टोक लाल होईल. खेड्यातलं जाळं फांद्यांचंच असतं. त्याऐवजी एक मीटरच्या आत असलेले पण एकमेकांना न जोडलेले दोन नोड शोधा. ती स्नॅपिंग (टोकं एकमेकांना चिकटवणं) न केल्याची खूण.

मागणीची बेरीज

सगळ्या नोडची मागणी मिळवा आणि लोकसंख्येवरून काढलेल्या मागणीने भागा. जल जीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरने ३,२०० लोकांना दिवसाला १,७६,००० लिटर, म्हणजे सेकंदाला २.०४ लिटर. गळतीसाठी काही धरलं असेल तर तेही मिळवा. भागाकार एकाच्या आसपास हवा.

तो ८६.४ आला तर कुणीतरी दिवसाचे घनमीटर भरलेत. ६० आला तर मिनिटाचे लिटर. ३.६ आला तर तासाचे घनमीटर. पहिले दोन मॉडेल स्वतःच ओरडून सांगतं, दाब उणे जातात. तिसरा फसवा. २.०४ च्या जागी ७.३३ आले तरी जाळं चालतं, फक्त व्यास वाढवावे लागतात, आणि कुणीतरी ९० चा पाईप १४० करून एस्टिमेट पुढे पाठवतं. त्यातून लहान गावांच्या वितरणाला पीक फॅक्टर (सर्वांत जास्त मागणीच्या वेळेसाठीचा गुणक) ३ धरण्याची पद्धत आहे. ३ आणि ३.६ शेजारी शेजारी. म्हणून इथे सूट पाच टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नका. भागाकार २.८५ ते ३.१५ असेल तर पीक फॅक्टर आधीच लावलाय, 'नोंदवा' आणि मॉडेलमध्ये पुन्हा लावू नका. ३.४२ ते ३.७८ असेल तर 'थांबवा'. आणि फाईल इंपोर्ट झाल्यावर ईपानेटमध्ये प्रवाहाचं एकक एलपीएस (सेकंदाला लिटर) आहे का ते बघा. ते जीपीएमवर (मिनिटाला गॅलन) राहिलं तर व्यास इंचांत आणि लांबी फुटांत वाचली जाते.

नियमांचीही परीक्षा घ्या

वही तयार झाली की एक चांगली फाईल घ्या आणि तिच्यात मुद्दाम चुका पेरा. एक उंची उलटी करा, एका गल्लीचे बिंदू चुकीच्या झोनमधून आणा, एक पाईप अंतरापेक्षा आखूड करा, एका पेशीत देवनागरी आकडा घाला. सगळ्या सापडल्या पाहिजेत. मग तपासून वापरलेली जुनी फाईल न बिघडवता चालवा. तिच्यात एखाद्या नियमाने शंभरेक ओळी लाल केल्या तर तो नियम सैल करा किंवा काढा. रोज खोटं ओरडणाऱ्या नियमाकडे आठवड्याभरात कुणी बघेनासं होतं, आणि त्याच्या शेजारच्या खऱ्या नियमाकडेही.

फाईल परत पाठवताना

चूक दिसली तरी आपल्या मनाने दुरुस्त करू नका. ५५८.७ हे ५८५.७ असणार हे शेंबडं पोर सांगेल, पण ते सर्व्हेअरच्या फील्डबुकातून यायला हवं. नाहीतर पुढच्या महिन्यात त्याची नवीन फाईल येईल, त्यात ५५८.७ च असेल.

'तुमच्या फाईलमध्ये बऱ्याच चुका आहेत' असा निरोप म्हणजे फुकट गेलेला दिवस. मी असा पाठवते: 'भाऊ, नोड ११२ ची उंची ५५८.७ आहे. मागचा १११ ५८६.१ आणि पुढचा ११३ ५८४.९. फील्डबुकात ११२ ला काय लिहिलंय, तेवढं पान फोटो काढून पाठवाल का?' उत्तर बहुतेक तासाभरात येतं: 'मॅडम, ५८५.७. टाईप करताना उलटं पडलं.' तो फोटो वहीत त्या ओळीपुढे लावायचा, तारीख टाकायची, ओळ बंद.

दुरुस्त फाईल आली की फक्त विचारलेल्या ओळी बघून थांबू नका. सगळे नियम पहिल्यापासून चालवा, आणि जुन्या-नव्या फाईलची ओळीला ओळ लावून तुलना करा. दुरुस्ती करताना कुणीतरी सॉर्ट मारतो, एकच रकाना हलतो, आणि उंच्या एका ओळीने खाली सरकतात. बारा ओळी विचारल्या होत्या आणि सदतीस बदललेल्या दिसल्या, तर उरलेल्या पंचवीस ओळींचं कारण आधी मागा, मग मॉडेलला हात लावा.